चेरी काउंटी : कुरणे, माणसे आणि एक जमीन कायदा

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेवर चेरी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. तिचे भूक्षेत्र सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे त्याच देशातील संपूर्ण कनेक्टिकट राज्याहून अधिक. विस्तार एवढा की काउंटीच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील घड्याळांत एका तासाचे अंतर असते. २०२० च्या जनगणनेत येथे ५,४५५ माणसे मोजली गेली. तीन चौरस किलोमीटरांमागे जेमतेम एक माणूस. त्यांतील निम्म्याच्या जवळपास लोक व्हॅलेंटाईन या मुख्य ठिकाणी राहतात. (हे नाव संतावरून नव्हे, एका लोकप्रतिनिधीवरून पडले आहे.) विशेष हे की, १८९० मध्ये येथे ६,४२८ लोक होते.

या उलट्या प्रवासाचे मूळ भूमीतच आहे. काउंटीचा बहुतांश भाग वाळूच्या टेकड्यांचा असून त्या टेकड्या केवळ गवताच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. लाकोटा लोकांचा हा शिकारीचा मुलूख. १८८० मध्ये सैन्याने नायोब्रारा नदीकाठी ठाणे उभारले, १८८३ मध्ये लोहमार्ग आला आणि त्याच वर्षी काउंटी स्थापन झाली. ठाण्यावरील सॅम्युअल चेरी नावाचा लेफ्टनंट १८८१ मध्ये मारला गेला होता. काउंटीला त्याचे नाव देण्यात आले.

प्रारंभी पशुपालकांना या टेकड्या निव्वळ वाळवंट वाटत. हिमवादळात टेकड्यांत भरकटलेली गुरे शोधण्यास गुराखी गेले, तेव्हा ती मेलेली नव्हे, चांगली पोसलेली आढळली, अशी कथा तेथे सांगितली जाते. त्यानंतर मोठमोठे रँच उभे राहिले आणि सरकारी जमिनीभोवती खुशाल काटेरी तारांची कुंपणे पडली. चेरी व शेरिडन काउंट्यांत पसरलेल्या ‘स्पेड’ रँचचे मालक बार्टलेट रिचर्ड्स आणि त्यांचे भागीदार यांना १९०५ मध्ये या अपराधाबद्दल शिक्षा झाली ती प्रत्येकी ३०० डॉलर दंड आणि सहा तासांची नजरकैद! राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले. त्यांनी संबंधित सरकारी वकील व मार्शल यांनाच पदावरून दूर केले. पुढील खटल्यात कारावास अटळ ठरला. १९११ मध्ये रिचर्ड्स शिक्षा भोगत असतानाच वारले.

कुंपणे हटली ती नव्या वसाहतकारांसाठी. १८६२ च्या कायद्याने कुटुंबास १६० एकर मिळत. एवढ्या जमिनीवर येथे कोणाचाही निर्वाह होणे शक्य नव्हते. म्हणून १९०४ मध्ये मोझेस किंकेड यांच्या विधेयकानुसार पश्चिम नेब्रास्कातील ३७ काउंट्यांत ही मर्यादा ६४० एकरांवर नेण्यात आली. पाच वर्षे वास्तव्य आणि ठरावीक सुधारणा केल्या की जमीन स्वतःची. १९०० मध्ये ६,५४१ असलेली लोकसंख्या १९१० मध्ये १०,४१४ आणि १९२० मध्ये ११,७५३ झाली. १९०७ पासून नॉर्थ लूप नदीकाठी कृष्णवर्णीय कुटुंबांनी डीविटी ही वस्ती वसविली. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गुलामीतून निसटून कॅनडात गेलेले होते. येथे त्यांनी चर्च बांधले, शाळा चालविल्या.

परंतु ६४० एकर हा आकडा ऐकण्यास मोठा असला तरी येथे एका गाईस वर्षभराच्या चाऱ्यासाठी साधारण १५ ते २० एकर कुरण लागते. म्हणजे कुटुंबापाशी फार तर चाळीस गाई. उणीव भरून काढण्यासाठी अनेकांनी नांगर धरला. गवत उखडले गेले आणि वाळू वाऱ्यावर उडू लागली. कायद्याने क्षेत्र वाढविले, पण ते जमिनीच्या कुवतीवरून ठरविले नव्हते. भावांच्या घसरणीने व अवर्षणाने उरलेसुरले बळ संपले. शेजाऱ्याने शेजाऱ्याची जमीन विकत घेतली. डीविटीही १९३० च्या दशकात मोडली. १९५० मध्ये लोकसंख्या ८,३९७ होती, १९७० मध्ये ६,८४६.

यावरून काउंटी ओसाड झाली असे मात्र समजू नये. नांगरलेल्या जमिनींवर पुन्हा गवत आले, आणि मांसोत्पादनासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंच्या संख्येत चेरी काउंटी आज अमेरिकेत अग्रस्थानी गणली जाते. लोकसंख्येचा आकडा आणि उत्पादनाचा आकडा येथे विरुद्ध दिशांनी गेले.

झळ पोहोचली ती सार्वजनिक सोयींना. दूरदूरच्या रँचवरील मुलांसाठी एकशिक्षकी शाळा होत्या. २००५ मध्ये राज्याच्या कायद्याने केवळ प्राथमिक शाळा चालविणारे स्वतंत्र शाळा-जिल्हे मोठ्या जिल्ह्यांत विलीन करण्याचे ठरविले. नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी तो कायदा रद्द केला. पण विलीनीकरण जूनमध्येच पार पडले होते.

काउंटीतील कोडी हे गाव दीडशेच्या आसपास वस्तीचे. तेथे किराणा दुकान उरले नव्हते. सामानासाठी व्हॅलेंटाईनपर्यंत सुमारे ६० किलोमीटर जावे लागे. २०१३ मध्ये गवताच्या पेंढ्यांच्या भिंती उभारून तेथे दुकान सुरू झाले. ते चालविण्याचे काम स्थानिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी पत्करले. मालाची मागणी, हिशेब आणि गल्ला, सारे त्यांच्याकडे.