पेरलेलं खत जातं कुठं?



जुन्नर-आंबेगावात कुकडी-घोडच्या पाण्यावर द्राक्ष-टोमॅटोला ठिबकमधून खत देतात. तिथं कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० एकाच पिंपात कालवलं, तर पाणी दुधासारखं होतं, तळाला पांढरा साका बसतो, ठिबकची भोकं बुजतात. वेगवेगळी घातली तर दोन्ही खतं साखरेसारखी विरघळतात. पण कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले, की पाण्यात न विरघळणारा क्षार तयार होतो.

आपण कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. आपल्याला त्याचं काय? तेच पिंप आपल्या रानात आहे, फक्त दिसत नाही. चुनखडीतही कॅल्शियमच असतं. चुनखडीच्या काळ्या रानात सुपर फॉस्फेट फोकून दिलं, की त्यातला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. पिकाला थोडाच मिळतो, बाकीचा मातीत अडकतो. पोत्याचे पैसे मात्र रोख गेलेले! १९९२ साली स्फुरद-पालाश खतांच्या किमतीवरचं नियंत्रण उठलं आणि भाव भडकले. तो फटका कोरडवाहूवाल्याला पेलणारा नव्हता.

मग करायचं काय? खत फोकू नका. दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाण्याशेजारी, थोडं खोल, ओळीत पेरा; मातीशी त्याची गाठ कमी पडते. शेणखतात मिसळून द्या. ज्वारीच्या बियाण्याला किलोला २५ ग्रॅम स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत चोळा. आणि पोतं उचलण्याआधी माती तपासून घ्या. चुनखडी किती, स्फुरद किती, ते विचारा.

खताचा भाव आपण ठरवत नाही. ते कुठं पडावं, हे तरी आपणच ठरवू.