अंगावरचा कपडा आणि तो शिवणारे हात



१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं होतं, जात ओळखू येईल असा पेहराव सोडा. तेव्हापासून अंगावरचा धड कपडा हा आपल्यासाठी हौसेचा नाही, मानाचा प्रश्न आहे. म्हणूनच जयंतीला माणूस उसनवारी करून लेकरांना नवे कपडे घेतो. मग तो कपडा कोणी, कुठल्या छताखाली शिवला, हेही आपणच विचारायला हवं.

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावर इथं राणा प्लाझा ही इमारत कोसळली. ११०० हून जास्त माणसं मेली, त्यात बाया अधिक. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. इमारतीतली बँक आणि दुकानं बंद राहिली. गारमेंट कारखान्यांनी मात्र पगार अडवण्याची भीती घालून कामगारांना आत बोलावलं. तडे सगळ्यांना दिसले होते. 'आज येत नाही' म्हणण्याची ताकद मात्र शिलाई कामगारांकडे नव्हती.

आपल्या देशात ही ताकद जात हिरावून घेते. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात, परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवणाऱ्या एका तरुण दलित मुलीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. आरोप तिच्या सुपरवायझरवर होता. तो आधीपासून तिचा छळ करत होता, असं घरच्यांनी सांगितलं.

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, त्या ब्रँडवर बहिष्कार घाला. पण ऑर्डर गेली की पहिली घरी बसते ती कामगार बाईच. तिथल्या दलित स्त्रियांच्या पुढाकारानं चालणाऱ्या 'तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन'नं वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये त्यांनी कारखान्याच्या कंपनीशी करार केला आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच या खरेदीदारांनाही कायद्यानं बांधून घेतलं. लैंगिक छळाबरोबर जातीवरून होणारा भेदभावही त्या करारात होता. कामाच्या जागी नजर ठेवायला प्रशिक्षण घेतलेल्या कामगार बायाच होत्या.

साथींनो, शंभर रुपयांचा शर्ट घेणाऱ्या गरिबाला मी दोष देणार नाही. ज्याची ऑर्डर मोठी, त्याची जबाबदारी मोठी. पण आपल्याही ऑर्डरी असतात. जयंती मंडळाचे निळे टी-शर्ट, संस्थेच्या शाळेचे गणवेश शेकड्यानं घेतो ना आपण? दर पाडून मागताना पुरवठादाराला एवढं तरी विचारा: माल कुठं शिवला? तिथं युनियन आहे का? आग लागली तर दार आतून उघडतं का? उत्तर टाळलं, तर पुढच्या मंडळालाही हेच विचारायला सांगा. आणि कामगार बाया करार मागत असतील, तर त्यांच्या मागणीखाली आपल्या मंडळाची सही द्या.

जयभीम.