बक्षिसाची सहल



या मांडवात आपण वेदान्तापासून विमानविद्येपर्यंत अनेक विषय ऐकले असतील. त्या मानाने आमचा आजचा विषय बाजारी वाटेल. कंपन्या आपल्या विक्री करणाऱ्या माणसांना बक्षीस म्हणून सहलीला नेतात. ती सहल अर्थपूर्ण कशी व्हावी, याविषयी चार विचार आम्हांला आपणांपुढे मांडावयाचे आहेत. हा मालकांचा प्रश्न, गावाला त्याचे काय, असे कोणी विचारील. पण आपल्या ओळखीच्या किती घरांतला मुलगा औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात तिष्ठत बसतो, किती घरांतली सून विम्याची एजंट आहे, किती जण पंप, बियाणे, मोटारसायकली विकतात, याची मोजदाद आपण मनाशी करून पाहावी. आणि ज्या घरात विकणारा कोणी नाही, त्या घरात विकत घेणारा तर आहेच. सहलीच्या आशेने विक्रेता आपणांस काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, यावर आपल्या पैशाचे आणि कधी कधी प्रकृतीचेही बरेवाईट अवलंबून असते.

या प्रथेचे एक मूळ अमेरिकेत सापडते. ओहायो राज्यातील डेटन या गावी जॉन पॅटर्सन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली एक लहानसा कारखाना विकत घेतला. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायची, विक्रीची नोंद करणारी यंत्रे तेथे तयार होत. पॅटर्सनने प्रत्येक विक्रेत्याला स्वतःची हद्द नेमून दिली. त्या हद्दीतील वस्ती आणि व्यापार पाहून किती विक्री व्हावी हे ठरवले. ज्याने आपला वाटा पुरा केला तो 'हंड्रेड पॉइंट क्लब'चा सभासद. अशा सभासदांना डेटनला बोलावून त्यांचा मान केला जाई. यातील मर्म ध्यानात घ्यावे. येथे प्रत्येकाची स्पर्धा स्वतःच्या ठरलेल्या वाट्याशी होती, शेजाऱ्याशी नव्हती. एक वर चढला म्हणून दुसरा खाली उतरत नव्हता. लहान गावाच्या हद्दीतला माणूसही मोठ्या शहरातल्या माणसाच्या पंगतीला बसू शकत होता.

परंतु गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. प्रतिस्पर्धी कंपन्यांना गैरमार्गाने बाजारातून उठवल्याच्या आरोपावरून १९१३ साली पॅटर्सन आणि त्याच्या अनेक अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले. १९१५ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, हे खरे. तरीही त्या खटल्यात जे प्रकार पुढे आले त्यांवरून इतके शिकायला हरकत नाही की, यंत्रे किती विकली एवढेच जेथे मोजले जाते तेथे ती कशी विकली हा प्रश्न मागे पडतो.

त्या दोषी ठरलेल्यांत टॉमस वॉटसन नावाचा अधिकारी होता. तो १९१४ साली दुसऱ्या एका कंपनीत गेला. तीच १९२४ पासून आय.बी.एम. या नावाने ओळखली जाते. तेथेही आपला वाटा पुरा करणाऱ्यांचा 'हंड्रेड पर्सेंट क्लब' होता. १९४० नंतरच्या काही वर्षांत या क्लबचे मेळावे न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट या कारखान्याच्या गावी भरत. उतरण्याची सोय कोठे, तर मैदानात ठोकलेल्या तंबूंत! आज पंचतारांकित हॉटेलावाचून बक्षीस शोभत नाही असे मानणाऱ्यांनी त्या तंबूंची आठवण ठेवावी. तंबूत निजणाऱ्यांना ती जागा मानाची वाटे, कारण तेथे पोहोचण्याचा नियम सर्वांना ठाऊक होता आणि तो सर्वांना सारखा होता.

मग कोणी म्हणेल, सहलीचा खटाटोप तरी कशाला? तेवढी रक्कम हातात द्या. हा आक्षेप खोटा नाही. जेथे पगारच पोटाला पुरत नाही तेथे सहल म्हणजे थट्टा. आधी पगार रास्त असावा. तो असला, तर मात्र सहलीचे एक वेगळेपण आहे. हातात आलेली रक्कम घराच्या हप्त्यात आणि किराणा दुकानाच्या उधारीत विरून जाते. पाहिलेला समुद्र मात्र दहा वर्षांनीही गप्पांत निघतो. व्हॅन बोव्हन आणि गिलोविच या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, वस्तू घेण्यासाठी खर्चलेल्या पैशापेक्षा अनुभवासाठी खर्चलेल्या पैशाने माणसे अधिक सुखावतात, असे दिसून आले.

आता सहल आखायची कशी? आमच्या मते स्थळ सर्वांत शेवटी ठरवावे. आरंभी चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

पहिला प्रश्न, कोणाला न्यायचे? नुसता विक्रीचा आकडा पाहू नये. पैसे वसूल झाले का, माल परत आला का, तक्रारी किती, जुने गिऱ्हाईक टिकले का, हे सारे त्यात धरावे. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात त्याला न परवडणारी पॉलिसी मारून जो विमानात चढतो, त्याचे तिकीट त्या म्हाताऱ्याच्या पैशाने काढलेले असते. शिवाय नियम वर्षाच्या आरंभी लेखी सांगावा आणि मध्येच बदलू नये. दरवर्षी त्याच पाच जणांच्या गळ्यात माळ पडू लागली, की बाकीचे पंचेचाळीस जण मनातून केव्हाच खेळाबाहेर गेलेले असतात.

दुसरा प्रश्न, कोणाबरोबर न्यायचे? हा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिरता विक्रेता महिन्यातले पंधरावीस दिवस घराबाहेर असतो. लॉजवरचे जेवण आणि एस.टी.चे धक्के हाच त्याचा संसार. अशा माणसाला बक्षीस म्हणून काय देतात, तर आणखी पाच दिवस घराबाहेर! ज्या पत्नीने त्याच्यामागे सासूसासऱ्यांची औषधे, मुलांच्या शाळा आणि गॅसचा नंबर सांभाळला, तिचा या बक्षिसात वाटा नाही काय? आणि विक्री करणारी स्त्री असेल, तर तान्ह्या मुलाला कोठे ठेवू हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. ती मुकाट्याने आपले नाव मागे घेते. म्हणून सहल सहकुटुंब असावी, ती जमत नसेल तर दिवस थोडे ठेवावेत, आणि ज्यांना येणे शक्य नाही त्यांना तेवढ्याच मोलाची रजा किंवा घरच्यांबरोबर आपल्या सोयीने जाण्याची मुभा असावी.

तिसरा प्रश्न, तेथे करायचे काय? सकाळी साहेबांचे भाषण, दुपारी पुढच्या वर्षीच्या टार्गेटचे तक्ते आणि रात्री मद्याची मेजवानी, याला सहल म्हणत नाहीत. ती लांबच्या गावी भरलेली कचेरी. जो पीत नाही तो अशा मेजवानीत कोपऱ्यात बसतो आणि आपण बक्षीस मिळवले की शिक्षा, असा विचार करतो. या वाटेने गेले म्हणजे शेवट कोठे होतो हेही जगाने पाहिले आहे. एका जुन्या जर्मन विमा कंपनीने २००७ साली आपल्या सुमारे शंभर यशस्वी एजंटांना बुडापेस्टला नेले आणि तेथील प्रसिद्ध स्नानगृहात त्यांच्यासाठी वारांगना बोलावल्या. २०११ साली हे उघडकीस आले तेव्हा कंपनीला मान खाली घालावी लागली. याहून अधिक या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही. याउलट कल्पना करा, पंप विकणाऱ्या माणसांना छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की दाखवली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरवणाऱ्या जुन्या कारागिरांचे काम पाहिले, की आपण पाण्याच्या केवढ्या जुन्या धंद्यातले आहोत हे त्यांना उमगेल. दुसरे दिवशी वेरूळची लेणी पाहावीत आणि उरलेला वेळ ज्याचा त्याला मोकळा द्यावा. एका संध्याकाळी मालकाने प्रत्येकाचे नाव घेऊन त्याने वर्षभरात नेमके कोणते चांगले काम केले, ते त्याच्या घरच्यांसमक्ष सांगावे. हे वाक्य घरी जाते. हॉटेलचा साबण जातो, तसे नव्हे.

येथे कराचाही एक शब्द सांगितला पाहिजे. १ जुलै २०२२ पासून व्यापारी आणि डीलर यांना वर्षाकाठी वीस हजार रुपयांहून अधिक मोलाचा असा लाभ मिळाल्यास त्यावर दहा टक्के कर आधीच कापण्याचा नियम आपल्याकडे आला. मान करून घेणाऱ्याच्या खिशातून मानाचा कर जाऊ नये. तो कंपनीने सोसावा, आणि तशी तरतूद खर्चात आधीच धरावी.

चौथा प्रश्न, मागे राहिले त्यांचे काय? विक्रेत्याने मागणी आणली, पण माल वेळेवर बांधला गोदामातल्या हमालाने, बिल केले कारकुनाने, बिघडलेला पंप दुरुस्त केला मिस्त्रीने. यांतले कोणी विमानात बसत नाहीत. आपल्या जुन्या लोकांनी या प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवले आहे. काशीयात्रा करून आलेला माणूस घरी मावंदे घालीत असे. गंगेची पूजा होई, गाव जेवे, आणि जे काशीला जाऊ शकले नाहीत त्यांच्याही हातावर गंगोदक पडे. यात्रा एकाने केली तरी पुण्य एकट्याने ठेवायचे नाही, हा त्यातला भाव. कंपनीच्या सहलीलाही मावंदे हवे. परतल्यावर एक दिवस सर्वांनी मिळून जेवावे, जाऊन आलेल्यांनी पाहिले ते सांगावे, आणि ज्यांच्या पाठबळावर आपण गेलो त्यांची नावे त्यांनी स्वतःच्या तोंडाने घ्यावीत. पाठीमागच्या खात्यांतील काही जणांना दरवर्षी सहलीतच स्थान दिले, तर अधिक बरे.

श्रोतेहो, आपणांपैकी जे मालक असतील त्यांनी येत्या वर्षाची सहल आखताना नकाशा उघडण्यापूर्वी हे चार प्रश्न कागदावर लिहावेत. जे विक्रेते असतील त्यांनी ते आपल्या साहेबांना विनयाने पण स्पष्टपणे विचारावेत. आणि आपण गिऱ्हाइकांनी, एखादी वस्तू फार आग्रहाने पुढे केली जाते आहे असे वाटले, तर 'यावर तुम्हांला काय मिळते?' एवढे विचारण्याचा संकोच धरू नये. खरा विक्रेता या प्रश्नाने रागावत नाही.