शिबिराची यादी आणि मुख्य नोंदवही
(वार्षिक सर्वसाधारण सभेत वैद्यकीय अभिलेख विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शस्त्रक्रियांची व बाह्यरुग्ण विभागाची आकडेवारी अहवालात आपण पाहताच. मला ज्या कामाविषयी बोलावयाचे आहे ते तळमजल्यावरील एका खोलीत, शिबिर आटोपल्यावर, बहुधा रात्री चालते. शिबिरात नोंदलेल्या रुग्णांची यादी रुग्णालयाच्या मुख्य संगणकीय नोंदवहीत मिळविणे, हे ते काम.

एका यादीखाली दुसरी चिकटविली की झाले, असे ते नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत मांडण्याचा जो सिद्धान्त दिला, त्यात प्रत्येक ओळीस स्वतःची निर्विवाद ओळख लागते. आमच्याकडे ती ओळख म्हणजे केसपेपरवरील नोंदणी क्रमांक. तो मुख्य वहीत आढळला तर त्या ओळीत दुरुस्ती करावयाची, न आढळल्यास नवी ओळ लिहावयाची. ही दोन्ही कामे एकाच आज्ञेत करण्याची सोय 'एसक्यूएल' भाषेच्या २००३ च्या प्रमाणात 'मर्ज' या नावाने आली.

अडचण येते ती क्रमांकच नसतो तेव्हा. शिबिरात येताना जुना केसपेपर फारसे कोणी आणीत नाही. नाव व जन्मतारीख जुळवावी म्हटले, तर कित्येकांची जन्मतारीख १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून लिहिलेली ती तारीख जन्मभर चिकटलेली असते. स्त्रियांचा एक केसपेपर माहेरच्या नावाचा, दुसरा सासरच्या. संगणकास त्या दोन व्यक्ती वाटतात.

एक चूक आमच्या हातून झाली, ती सांगणे मी कर्तव्य समजते. एका शिबिराच्या यादीत औषधांच्या ॲलर्जीचा रकाना घाईत रिकामा राहिला होता. नेहमीप्रमाणे आज्ञा दिली आणि त्या रिकाम्या रकान्याने मुख्य वहीतील 'पेनिसिलिन चालत नाही' ही एका भगिनीची नोंद पुसून टाकली. पुढे त्या वॉर्डात दाखल झाल्या. परिचारिकेने इंजेक्शनपूर्वी तोंडी विचारले, म्हणून अनर्थ टळला. संगणक चुकला नव्हता. 'नवे ते खरे' असे आम्हीच त्याला सांगितले होते.

तेव्हापासून शिबिराची यादी प्रथम वेगळ्या तक्त्यात उतरते. रिकाम्या रकान्याने भरलेल्या रकान्यास हात लावावयाचा नाही, हे आज्ञेतच लिहिले आहे. रक्तगट वा ॲलर्जीत तफावत दिसली तर ती ओळ डॉक्टरांच्या टेबलावर जाते. सारे काम एका व्यवहारात बांधलेले असल्याने मध्येच वीज गेली तरी वही पूर्वस्थितीत राहते. संशयास्पद जोड्यांची मात्र फोनवरून विचारपूस करावी लागते आणि त्यात दिवस जातात. शिबिराचा अहवाल उशिरा का येतो, हा विश्वस्तांचा प्रश्न रास्त आहे. तरी उशीर मला अधिक परवडतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. एकच रुग्ण दोनदा मोजला गेला तर तो हिशेबही खोटा पडतो.

देणगीदारांकडे यंदा नवा संगणक मागत नाही. फोन करावयास एक माणूस हवा आहे. आणि आप्तजनहो, जुना केसपेपर फाटका असला तरी आणावा. क्रमांक वाचता आला की पुरे.