राजवाड्याचे अंगण आणि आजची कला



बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल पाहून परतणारा रसिक त्याला ‘जुन्या कलेचा नमुना’ म्हणतो. परंतु १६व्या शतकात अली बरीदशहाने तो सजविला, तेव्हा ती कला त्या काळची आजचीच कला होती. काळ्या पाषाणात शिंपल्यांचे जडावकाम, भिंतींवर रंगीत फरशांची नक्षी आणि लाकडी खांबांवर देशी धाटणीचे कोरीवकाम तेथे एकत्र आले. फारसी अक्षरे आणि दख्खनी सुताराची छिन्नी एकाच दालनात सुखाने नांदली.

मग अशा वास्तूच्या अंगणात आजच्या कलावंताने आपली कृती मांडावी काय? हा प्रश्न पॅरिसमध्ये कडाडून विचारला गेला. तेथील पाले-रॉयाल या जुन्या प्रासादाच्या चौकात दानिएल ब्युरेन यांनी १९८५-८६ मध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे २६० खांब उभे केले. वृत्तपत्रांत वादळ उठले, प्रकरण न्यायालयात गेले, काम काही काळ थांबले. गंमत अशी की, त्यापूर्वी त्या चौकात मोटारी उभ्या राहत असत आणि त्यांच्याबद्दल एवढा गहजब झाला नव्हता. आज त्याच खांबांवर मुले खेळतात.

आपल्या देशात जयपूरच्या नाहरगड किल्ल्यावरील माधवेंद्र भवनात डिसेंबर २०१७ मध्ये समकालीन शिल्पांचे दालन सुरू झाले. राण्यांसाठी बांधलेल्या महालांत आणि अंगणात आजची शिल्पे मांडली गेली. तेथील वेगळेपण असे की, प्रदर्शने बदलत, शिल्पे हलविता येत. भिंत मात्र होती तशीच राही.

हाच खरा निकष मानावयास हवा. पाहुण्याने घराची भिंत फोडू नये. भिंतीला खिळा लागला, चुना उडाला, तर ती हानी भरून निघत नाही. परंतु पाहुणाच नको, असे म्हणणारे घरही हळूहळू ओस पडते.

बीदरपुरता हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला पाहिजे. येथील नवी कला बाहेरूनच आणावी लागते असे नाही. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदी ठोकून बसविणारा बिदरी कारागीर किल्ल्यातील जुनी माती नवसागराबरोबर उकळतो. त्या पाण्यात जस्त काळे पडते, चांदी मात्र उजळ राहते. म्हणजे किल्ला त्याच्या कामात अक्षरशः मिसळलेला असतो. या कलेचे एक साधक शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री लाभली. तरीही बिदरीचे स्थान बहुधा दुकानाच्या कपाटात आणि सत्काराच्या तबकातच राहिले आहे.

रंगीन महालाच्या अंगणात कधी काळी आजची कला मांडली जाईल, तेव्हा पहिला मान या मातीच्या मानकऱ्यांना मिळावा. काळ्या दगडातील शिंपला आणि काळ्या धातूतील चांदी समोरासमोर आली, तर मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या कोणत्याही प्रेक्षकाला त्यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.