लेकीची सायकल



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण मागच्या वर्षी आमच्या घरी सायकल आली, तिच्यात आपल्या भिशीतले वीस हजार गेले आहेत. तेव्हा हिशेब द्यायला हवा.

माझी थोरली बँकेत नोकरीस आहे. तिच्या मनाने घेतले की, दोनशे किलोमीटर सायकल चालवायची. ब्रेव्हे म्हणतात त्याला. ही शर्यत नव्हे, नंबर काढीत नाहीत. साडेतेरा तासांत दोनशे पुरे करायचे, इतकेच. तीनशेला वीस तास आणि सहाशेला चाळीस! परभणीहून नांदेडला जाऊन परत यावे आणि वर आणखी चाळीस-पन्नास चालवावे, असे समजा.

ह्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हा तिने नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंचे नाव काढले. २०१५ साली त्या दोघा भावांनी आळीपाळीने सायकल चालवून अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी तर २०१८ साली सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. हे "बरं बरं" म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात दोन सायकली समोर आल्या. दोन्ही लांब पल्ल्याच्याच. एक कार्बनची, वापरलेली. एका हाताने उचलावी इतकी हलकी. दुसरी नवी, अ‍ॅल्युमिनियमची, दीड-दोन किलोने जड. किंमत जवळजवळ सारखी. लेकीचा जीव अर्थातच पहिलीवर.

मला सायकलीतले काय कळणार? पण पंधरा वर्षे मी ब्लाउज शिवते. तिला दोन्हींवर बसवून बाजूने पाहिले. कार्बनवर तिचे हात ताठ, खांदे कानाशी. ती सांगाड्याने एक माप मोठी होती. दुकानदार म्हणाला, बैठक खाली घेऊ, हँडलचा दांडा आखूड टाकू. मी म्हटले, भाऊ, ब्लाउज सैल झाला तर टीप घालता येते. हा सांगाडा उसवून कोण शिवणार? तेरा तास बसायचे आहे पोरीला. दुसरीवर मात्र कोपर जरा वाकलेले, मान मोकळी.

मग टायर. कार्बनच्या सांगाड्यात अठ्ठावीस मिलिमीटरहून रुंद टायर बसत नव्हते, अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीत बत्तीसचे आरामात बसत होते. रुंद टायरला हवा कमी लागते, त्यामुळे खडीचा दणका हातापर्यंत येत नाही. आपले रस्ते तुम्हांला ठाऊकच आहेत. काळ्या मातीत डांबर खचते आणि कडेला बाभळी. शिवाय वापरलेल्या कार्बनला आतून तडा असला तर वरून दिसत नाही, हे त्या दुकानदारानेच प्रामाणिकपणे सांगितले.

लेक दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. निम्म्याहून अधिक पैसे तिचे होते, आणि मी अडून बसले होते. रात्री मलाही वाटले, तिच्या हौसेवर आपण पाणी तर टाकले नाही? शेवटी रविवारी तिनेच दुकानात फोन केला, जड असलेलीच घेतली.

यंदा जानेवारीत तिने दोनशे पुरे केले. बारा तास चाळीस मिनिटे, वाटेत एक काटा. घरी येताच मी आधी मान विचारली. मान ठीक होती. हाताच्या करंगळ्या मात्र संध्याकाळपर्यंत बधिर होत्या, म्हणून आता हँडलची पट्टी जाड बसवायची आहे.