नळाला पाणी आहे, पण जोर नाही

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले आणि पुष्कळ वाड्यावस्त्यांवर घरोघर नळ आले. माणशी रोज ५५ लिटर, हा या योजनेचा हिशेब. पण खालच्या आळीत नळ धो धो वाहतो आणि वरच्या आळीत करंगळीएवढी धार, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. असे का होते, ते आज पाहू.

पाण्याला जोर येतो तो उंचीमुळे. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या तोटीपेक्षा १० मीटर वर असली, तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. टाकी नुसती मोठी असून दाब वाढत नाही. वाहताना पाईपच्या घर्षणात दाब खर्च होतो. पाईप जितका लांब आणि बारीक, तितका खर्च जास्त. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको!

आता दोष शोधू या. १५ लिटरची बादली नळाखाली लावा. ती ३ मिनिटांत भरली, तर मिनिटाला ५ लिटर पाणी आले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागतात, म्हणजे ५५ मिनिटे नळ चालला पाहिजे. त्याच वेळी शेजारीही बादली लावून बघा.

शेजारी जोर आहे आणि तुमच्याकडे नाही, तर दोष तुमच्याच जोडणीत. कॉक पूर्ण उघडा आहे ना, ते आधी पाहा. मग तोटी काढून जाळीतली वाळू आणि क्षार साफ करा. जुन्या लोखंडी पाईपात आतून गंज धरतो, तो बदलावाच लागतो. पाईपाच्या वाटेवर एखादी जागा सदा ओली असेल, तर तिथे गळती समजा.

सगळ्या आळीलाच जोर नसेल, तर व्हॉल्व्ह आणि मोठी लाईन तपासायला ग्रामपंचायतीला सांगा. सगळे नळ एकदम सुरू झाले की दाब वाटला जातो. अशा वेळी दोन आळ्यांना दोन वेळा ठरवून पाणी सोडणे, हा स्वस्त आणि चांगला उपाय.

एक गोष्ट मात्र करू नका. नळाच्या लाईनला थेट मोटार लावू नका. मोटार पाणी ओढते, तेव्हा शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतोच. शिवाय लाईनमधला दाब उलटा होऊन फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरू शकते. जुलाब, कावीळ ही दुखणी अशी घरात येतात. ते पाणी तुमचीही मुले पितात.

मोटार लावायचीच असेल, तर पाणी आपल्या वेगाने जमिनीलगतच्या झाकणाच्या टाकीत पडू द्या. नळाचे तोंड टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. तिथून मोटारीने वरच्या टाकीत चढवा. वरची टाकी तोटीपासून ३ मीटर उंच असली, तर ०.३ किलो दाब मिळतो. भांडी धुवायला, अंघोळीची बादली भरायला तो पुरतो. फक्त खाली येणारा पाईप एक इंची घ्या. अर्धा इंचीपेक्षा त्याचे तोंड चौपट असते.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी बादली लावा, मिनिटे मोजा आणि तो आकडा घेऊन ग्रामसभेला जा. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेले पाणी जास्त बोलते.